व्हिडिओतले शब्द कागदावर : ट्रान्सक्रिप्ट आणि सबटायटल कसे उतरवून घ्यावे

नामांतराच्या लढ्यात तुरुंगात गेलेल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्याची मुलाखत आमच्या ओळखीच्या तरुणांनी काही वर्षांपूर्वी मोबाईलवर घेतली होती. पावणेदोन तासांची. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केल्यानंतर त्यांच्या भागात काय घडले, कोणत्या वस्तीला आधी आग लागली, रात्री बायका-मुलांना घेऊन लोक कुठे लपले, आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्ताराची बातमी कळली तेव्हा ते स्वतः कुठे होते, हे सगळे त्यांनी सांगितले होते. मुलाखत यूट्यूबवर टाकली गेली. पुढे चॅनेल सांभाळणाऱ्या मुलाचा फोन हरवला. पासवर्ड दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हता. त्याच चॅनेलवरच्या जयंतीच्या मिरवणुकीच्या व्हिडिओंवर मागे वाजणाऱ्या गाण्यांवरून तक्रारी आल्या, उत्तर द्यायला कुणी नव्हते, आणि चॅनेल बंद झाले. मूळ फाइल जागा पुरत नाही म्हणून आधीच काढून टाकलेली होती. ते गृहस्थ आता हयात नाहीत.

उरले एवढेच, की एका मुलीने एम.ए.च्या प्रकल्पासाठी त्या व्हिडिओचे ट्रान्सक्रिप्ट कॉपी करून ठेवले होते. तीसेक पाने. यंत्राने लिहिलेली, विरामचिन्हे नसलेली, चुकांनी भरलेली. दोन गावांची नावे काही केल्या ओळखता येत नाहीत, आणि ऐकून तपासायला आता आवाज नाही.

ती पाने आम्ही अनेकदा वाचली आहेत. म्हणून हा लेख लिहिताना आमच्या डोक्यात दोनच गोष्टी आहेत : व्हिडिओ आहे तोवर त्यातले शब्द उतरवून घ्या, आणि आवाज आहे तोवर ते शब्द ऐकून दुरुस्त करा. पहिले काम पाच मिनिटांचे आहे, दुसरे काही तासांचे. आपल्याकडे पहिले क्वचित होते आणि दुसरे जवळजवळ होतच नाही.

खरे तर आपल्याला हे नवीन नसावे. भगवान बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाच्या पहिल्या संगीतीत आनंदांनी धम्म आणि उपालींनी विनय सांगितला, संघाने तो पाठ केला, आणि पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत राहिलेले ते वचन श्रीलंकेत राजा वट्टगामणीच्या काळात, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात, ग्रंथारूढ झाले. दुष्काळ आणि लढायांत पाठ करणारे भिक्खूच उरले नाहीत तर काय, ही चिंता त्यामागे होती असे परंपरा सांगते. बाबासाहेबांचे १५ ऑक्टोबर १९५६ चे नागपूरचे भाषण आज आपण वाचतो, ते कुणीतरी समोर बसून उतरवून घेतले आणि ‘प्रबुद्ध भारत’ने छापले म्हणून. महाराष्ट्र शासनाच्या ‘लेखन आणि भाषणे’ मालिकेतील १८ व्या खंडाचे तीन भाग मराठी भाषणांचे आहेत. त्यांतला मोठा हिस्सा ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’ अशा पत्रांतल्या वृत्तांतांवरून मिळाला. त्या काळी कार्यकर्त्याच्या खिशात पेन्सिल होती. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि लिहून घेणारा कुणी नाही.

शब्दांचा अर्थ आधी

ट्रान्सक्रिप्ट म्हणजे बोललेल्या मजकुराची सलग लिखित प्रत. कॅप्शन म्हणजे तोच मजकूर वेळेनुसार तुकडे करून पडद्यावर दाखवलेला, त्याच भाषेत. सबटायटल हा शब्द मुळात भाषांतरित ओळींसाठी वापरतात; बोलण्यात आपण दोन्हींना सबटायटलच म्हणतो, आणि त्याने काही बिघडत नाही.

बिघडते ते दुसऱ्या फरकाकडे दुर्लक्ष केल्याने. कॅप्शन माणसाने टाकलेली आहे की यंत्राने, हे आधी पाहा. यूट्यूबवर भाषेच्या नावापुढे ‘ऑटो-जनरेटेड’ लिहिले असेल तर ती यंत्राची. शिवाय ‘ऑटो-ट्रान्सलेट’ नावाची सोय आहे, तिच्यात इंग्रजी भाषणाचे मराठी क्षणात समोर येते. ते यंत्राने ऐकलेल्या इंग्रजीचे यंत्राने केलेले भाषांतर असते, म्हणजे चुकीवर चूक चढू शकते. समजून घ्यायला ते चालेल; कुणाचे अवतरण म्हणून लेखात, पोस्टरवर टाकायला अजिबात नाही.

यूट्यूबवरून मजकूर कसा घ्यायचा

संगणकावर सगळ्यात सोपे. व्हिडिओ उघडा, खालच्या वर्णनातील ‘मोअर’वर क्लिक करा आणि वर्णनाच्या शेवटापर्यंत जा. तिथे ‘शो ट्रान्सक्रिप्ट’ हे बटण असते. ते दाबले की व्हिडिओच्या बाजूला वेळेसह सगळा मजकूर उघडतो. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत निवडून कॉपी करा आणि वर्डमध्ये किंवा गुगल डॉक्समध्ये पेस्ट करा. त्या चौकटीतल्या तीन टिंबांतून वेळेचे आकडे घालवता येतात. आमचे सांगणे, घालवू नका. मजकूर विद्रूप दिसतो हे खरे, पण पुढे तपासताना नेमक्या मिनिटावर जायला तेच आकडे लागतात. यूट्यूब आपली मांडणी अधूनमधून बदलते. बटण जागेवर दिसले नाही तर आसपास शोधा.

फोनवरच्या ॲपमध्येही वर्णनाच्या खाली ट्रान्सक्रिप्ट दिसते, पण तिथून सगळा मजकूर उचलणे जिकिरीचे जाते. फोनच हाताशी असेल तर व्हिडिओ ॲपऐवजी क्रोममध्ये उघडा, मेनूतून ‘डेस्कटॉप साइट’ निवडा आणि वरचीच कृती करा. अक्षरे बारीक दिसतात, काम होते.

बटणच नसेल तर त्या व्हिडिओला कॅप्शन नाही. आपल्या मराठी व्हिडिओंत हे बऱ्याचदा दिसते. कधी आवाज फार खराब असतो. कधी भाषेची नोंद चुकलेली असते : व्हिडिओ टाकताना भाषा हिंदी निवडली गेली, की यंत्र मराठी भाषण हिंदी समजून लिहायला बसते आणि जे उमटते ते वाचून हसावे की रडावे कळत नाही. चॅनेल तुमच्या संस्थेचे असेल तर प्रत्येक व्हिडिओच्या तपशिलात भाषा मराठी आहे ना, हे आजच तपासा.

चॅनेल स्वतःचे असण्याचा आणखी एक फायदा आहे. यूट्यूब स्टुडिओत ‘सबटायटल्स’ विभागात जाऊन व्हिडिओ आणि भाषा निवडली की तीन टिंबांतून कॅप्शनची फाइल थेट डाउनलोड होते, एसआरटी किंवा व्हीटीटी प्रकारात. विहाराचे, मंडळाचे, गायन पार्टीचे चॅनेल चालवणाऱ्यांनी वर्षावासात दर आठवड्याला एवढे केले तरी तीन महिन्यांच्या सगळ्या धम्मदेसना लिखित स्वरूपात हाती येतील.

दुसऱ्याच्या व्हिडिओसाठी अशी फाइल हवी असेल तर चॅनेलवाल्यांना सरळ मागा. आपल्या चळवळीतले लोक सहसा नाही म्हणत नाहीत, त्यांना कुणी विचारलेले नसते इतकेच. पत्ता टाकला की सबटायटल काढून देणाऱ्या वेबसाइट पुष्कळ आहेत. त्यांच्यावर डाउनलोडची खोटी बटणे असतात, भलतेच काहीतरी फोनमध्ये उतरते, आणि एखादी गुगल खात्याने लॉगिन करायला सांगते. तसे सांगितले की बाहेर पडा. संगणकाची सवय असलेले वायटी-डीएलपी हे मुक्त साधन वापरतात. व्हिडिओ वगळून फक्त सबटायटल आण, भाषा अमुक, माणसाने लिहिलेली किंवा यंत्राची, असे त्याला सांगता येते. मात्र यूट्यूबच्या अटी वाचल्या तर त्यांनी स्वतः दिलेल्या सोयीबाहेर दुसऱ्याचा मजकूर उतरवायला परवानगी लागते, हे लक्षात असू द्या. संस्थेच्या नावाने काम करत असाल तर मालकाची परवानगी मेलवर घेऊन ठेवणे बरे.

फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर बाहेरच्या प्रेक्षकाला ट्रान्सक्रिप्ट उचलायची अशी सोय नाही. तिथले थेट प्रक्षेपण कामाचे असेल तर आयोजकांकडून मूळ फाइल घ्या.

कॅप्शन नसेल तेव्हा

आम्हाला सर्वांत उपयोगी पडलेली पद्धत साधी आहे. एकाने कानाला इयरफोन लावून भाषण ऐकायचे आणि ऐकलेले वाक्य आपल्या स्वच्छ आवाजात परत म्हणायचे. समोर गुगल डॉक्समध्ये ‘टूल्स’मधले ‘व्हॉइस टायपिंग’ मराठी निवडून चालू ठेवायचे, किंवा फोनच्या कीबोर्डवरचा माइक. सभेतला गोंगाट, लाउडस्पीकरचा घुमणारा आवाज, मागची मुले, यातले काहीच यंत्रापर्यंत जात नाही. त्याला एकच जवळचा आवाज मिळतो. दोघे जण आलटून पालटून बसले तर घसा टिकतो. टायपिंग न येणाऱ्या उपासिकांनीही हे काम उत्तम केलेले आम्ही पाहिले आहे, आणि पाली गाथा कानाने ओळखण्यात त्या तरुणांपेक्षा सरस निघाल्या.

दुसरा मार्ग व्हिस्पर. ओपनएआय कंपनीने सप्टेंबर २०२२ मध्ये हे भाषण-ओळख साधन मुक्त केले. ते स्वतःच्या संगणकावर, इंटरनेटशिवाय चालते आणि मराठी ओळखते. साक्षीदाराची, पीडित कुटुंबाची मुलाखत कुणाच्या सर्व्हरवर पाठवायची नसेल तेव्हा ही गोष्ट मोलाची. मराठीत ते इंग्रजीइतके पक्के नाही. त्याची एक खोड मात्र धोक्याची आहे : शांतता असेल, नुसते संगीत वाजत असेल, तर ते कधी कधी कुणीच न बोललेली वाक्ये लिहून मोकळे होते. आनापानसतीच्या मार्गदर्शनाचे ध्वनिमुद्रण आठवा. भन्तेजी दोन वाक्ये बोलतात आणि मग पाच मिनिटे शांतता. त्या पाच मिनिटांत यंत्र भन्तेजींच्या तोंडी काय घालेल याचा नेम नाही, आणि ते वाक्य व्याकरणाने इतके ठाकठीक असते की नुसते वाचणाऱ्याला शंकाही येत नाही.

गाण्यांबाबत तर विषयच वेगळा. वामनदादा कर्डकांच्या परंपरेतली गाणी, कव्वालीचे सामने, शाहिरी जलसे यांवर यंत्र टिकत नाही. ढोलकी, कोरस, लांबवलेले स्वर यांत शब्द हरवतात. गाणे ऐकूनच लिहावे लागते, आणि शक्य असेल तर गायकाकडून किंवा त्यांच्या घरच्यांकडून वहीशी ताडून घ्यावे.

एका अक्षराचा फरक

आता मुख्य काम. यंत्राने दिलेला मजकूर हा कच्चा खर्डा आहे. त्यातल्या बऱ्याच चुका निरुपद्रवी असतात, वाचताना कळतात. आपल्याला घात करणाऱ्या चुका त्या, ज्या वाचताना कळत नाहीत.

पहिली आणि सगळ्यात वारंवार येणारी : ‘धम्म’चे ‘धर्म’. यंत्राने ‘धर्म’ हा शब्द लाखो वेळा वाचलेला असतो, ‘धम्म’ फार कमी. शंका आली की ते नेहमीच्या शब्दाकडे झुकते. इतरांसाठी हा शुद्धलेखनाचा प्रश्न असेल. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात धम्म आणि धर्म यांतला भेद स्वतंत्रपणे मांडला आहे. तो भेदच एखाद्या व्याख्यानाचा विषय असेल तर वक्त्याचे दोन्ही शब्द ‘धर्म’ होऊन बसतात आणि वाक्य स्वतःशीच भांडायला लागते. उलटही होते. आपलाच कार्यकर्ता घाईने सगळीकडे ‘धर्म’ शोधून ‘धम्म’ टाकतो, आणि वक्ता जिथे खरोखर हिंदू धर्माबद्दल बोलत होता तिथेही धम्म उमटतो. एकगठ्ठा बदल करू नका. प्रत्येक जागी थांबून ऐका.

दुसरी : ‘नाही’. मराठीत नकार बहुधा वाक्याच्या शेवटी येतो आणि सभेत बोलताना वक्त्याचा आवाज तिथेच खाली जातो, किंवा टाळ्या पडतात. ‘आम्ही हे मान्य करणार नाही’ मधले ‘नाही’ टाळ्यांत गेले की उलटा ठराव कागदावर येतो. यंत्राच्या मजकुरात विरामचिन्हे नसली की पुढच्या वाक्याचा आरंभ मागच्याला चिकटतो आणि प्रश्न विधान होतो. ‘आपण गप्प बसायचे’ हे वक्त्याने उपहासाने विचारले होते की सांगितले होते, हे आवाजच सांगतो.

तिसरी : पाली आणि स्थलनामे. ‘पाली’चे ‘पाळी’, ‘बुद्ध’चे ‘युद्ध’ किंवा ‘बुध’, ‘महाड’चे ‘म्हाडा’ असे प्रकार आम्ही पाहिले. त्रिसरण-पंचशील किंवा परित्राण पाठ सुरू झाला की यंत्र पूर्ण गोंधळते. तो भाग सरळ काढून ‘येथे परित्राण पाठ’ एवढे लिहा, किंवा खात्रीच्या पुस्तकावरून घ्या. आडनावे, गावे, तारखा आणि आकडे यांची वेगळी फेरी करा. नामांतराच्या त्या मुलाखतीत आम्ही नेमके इथेच अडकलो.

चौथी गोष्ट चूक म्हणावी अशी नाही, पण तिच्याबद्दल आमचे मत ठाम आहे. विदर्भातली आजी ‘आमाले’ म्हणते, ‘करून राहिले’ म्हणते. मराठवाड्यातला माणूस वेगळ्या लकबीत बोलतो. यंत्र ते पुस्तकी मराठीत ओढते किंवा विचित्र करून टाकते, आणि दुरुस्त करणारा शिकलेला तरुण उरलेसुरलेही ‘शुद्ध’ करतो. असे करू नका. ज्यांनी भोगले त्यांनी ज्या बोलीत सांगितले तीच बोली लिहा. वाचकाला अडेल असा शब्द असेल तर चौकटी कंसात अर्थ द्या.

तपासण्याची आमची रीत अशी. व्हिडिओचा वेग पाऊणपट ठेवतो, इयरफोन लावतो आणि सलग ऐकत जातो. कळले नाही तिथे अंदाज न लिहिता [अस्पष्ट] आणि वेळ लिहितो. टाळ्या, हशा, घोषणा यांचीही नोंद चौकटी कंसात. वक्ते बदलले की नाव. मग दुसरी व्यक्ती, जिने पहिली फेरी केलेली नाही, ती एकदा ऐकते. एका तासाच्या भाषणाला तीन-चार तास सहज जातात. शेवटी मजकुराखाली एक ओळ असते : यंत्राने केलेला खर्डा, अमुक तारखेला ऐकून दुरुस्त, दुरुस्त करणाऱ्यांची नावे. ही ओळ नसलेल्या ट्रान्सक्रिप्टवरून आम्ही अवतरण देत नाही, मग ते कितीही सोयीचे असो.

सोयीचे हा शब्द मुद्दाम वापरला. बीबीसीने १९५३ आणि १९५५ मध्ये बाबासाहेबांच्या घेतलेल्या मुलाखतींचे तुकडे जयंती आणि महापरिनिर्वाण दिनाच्या आसपास फिरत असतात, प्रत्येकावर कुणीतरी टाकलेल्या मराठी किंवा हिंदी ओळी. एखादा तुकडा पुढे पाठवण्याआधी पूर्ण मुलाखत ऐका. मागचा प्रश्न काय होता, उत्तर कुठे थांबले, हे पाहिल्याशिवाय त्या ओळींवर विश्वास ठेवण्याचे कारण नाही.

दुरुस्त मजकूर परत व्हिडिओवर

एकदा एवढे कष्ट घेतले की तो मजकूर व्हिडिओखाली कॅप्शन म्हणून जायला हवा. पूर्वी यूट्यूबवर कुणीही प्रेक्षक दुसऱ्याच्या व्हिडिओला कॅप्शन लिहून देऊ शकत होता. ती सोय २८ सप्टेंबर २०२० ला बंद झाली. तेव्हा बहिरेपण असलेल्या प्रेक्षकांनी आणि भाषांतर करणाऱ्या स्वयंसेवकांनी विरोध केला होता. आता फाइल तयार करून चॅनेलच्या मालकाला पाठवावी लागते आणि ती त्यांनी स्टुडिओतून चढवावी लागते.

एसआरटी फाइल नोटपॅडमध्येही बनते. एक क्रमांक, त्याखाली सुरू आणि शेवटची वेळ, त्याखाली एक-दोन ओळी मजकूर, मग एक रिकामी ओळ. पुन्हा पुढचा क्रमांक. दोन ठिकाणी मराठी माणूस हमखास फसतो. क्रमांक आणि वेळेचे आकडे इंग्रजीच हवेत. मराठी कीबोर्डने देवनागरी आकडे टाकले की फाइल चालत नाही. आणि साठवताना एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा, नाहीतर सगळ्या देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे येतात. हाताने वेळा जुळवणे नको असेल तर ‘सबटायटल एडिट’ हे विंडोजवरचे मोफत सॉफ्टवेअर घ्या, आणि व्हीएलसी प्लेयरमध्ये व्हिडिओसोबत फाइल उघडून एकदा पाहा.

आपल्या विहारांत बसणाऱ्या ऐकू न येणाऱ्या बांधवांचा विचार आपण किती करतो? बाबासाहेबांच्या जयंतीला स्टेजसमोर पहिल्या रांगेत बसलेला बहिरा मुलगा पूर्ण कार्यक्रमभर वक्त्यांचे ओठ पाहत बसतो. त्याच्यासाठी कॅप्शन म्हणजे भाषणच. प्रताधिकार कायद्यातही २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांगांसाठी सुलभ स्वरूप तयार करायला स्वतंत्र मोकळीक दिलेली आहे.

शब्द कुणाचे

सार्वजनिक भाषणाच्या प्रताधिकाराचा पहिला मालक भाषण करणारा असतो. प्रताधिकार कायदा, १९५७ चे कलम १७ तसे सांगते. म्हणजे चॅनेलवाल्याने व्हिडिओ काढला म्हणून शब्द त्याचे होत नाहीत. कलम ५२ खाली स्वतःचा अभ्यास, संशोधन, टीका-समीक्षा आणि चालू घटनांचे वार्तांकन यांसाठी उचित वापर चालतो. पण एखाद्या भन्तेंच्या किंवा विचारवंतांच्या दहा भाषणांचे पुस्तक काढायचे तर त्यांची लेखी संमती घ्या. ‘समाजासाठीच करतोय’ हे उत्तर कायद्याला चालत नाही आणि ज्येष्ठांना दुखावते.

साक्षीच्या व्हिडिओंबाबत जास्त जपा. व्हिडिओ पाहणारा माणूस तो पाहून विसरतो. लिखित मजकूर मात्र नावाने शोधता येतो. अत्याचारग्रस्त कुटुंबातल्या मुलीचे नाव, शाळा, गल्ली ट्रान्सक्रिप्टमध्ये तशीच राहिली तर ती कायमची सापडते. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे गुन्हा आहे. प्रसिद्ध करायची प्रत आणि मूळ प्रत वेगळी ठेवा.

तक्रारीसाठी वापरायचे असेल तर

सभेतले जातिवाचक भाषण, गावातली धमकी, मोर्चावरचा हल्ला असे व्हिडिओ घेऊन कार्यकर्ते पोलीस ठाण्यात जातात. ट्रान्सक्रिप्ट सोबत द्यावे, अधिकाऱ्याला नेमके मिनिट सापडते. पण पुरावा म्हणजे मूळ ध्वनिचित्रमुद्रण, हे विसरू नका. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीवरून एक वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. उमेदवारी अर्ज वेळेत आला की नाही हे निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओवरून ठरायचे होते. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या त्या प्रकरणात न्यायालयाने जुलै २०२० मध्ये स्पष्ट केले, की मूळ उपकरण हजर न करता त्यातल्या नोंदीची प्रत द्यायची असेल तर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र लागतेच. तेव्हा ते पुरावा कायद्याचे कलम ६५ब होते. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने घेतली आहे, आणि प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलचे हॅश मूल्यही भरायचे असते. म्हणून ज्या फोनवर चित्रीकरण झाले तो फोन आणि मूळ फाइल जपा, व्हॉट्सॲपवरून फिरून आलेली प्रत नको. व्हिडिओ दुसऱ्याने टाकलेला असेल तर पत्ता, चॅनेलचे नाव, पाहिल्याची तारीख आणि वेळ त्याच दिवशी लिहून ठेवा. पुढचे वकिलांना विचारून करा.

ठेवायचे कुठे

फाइलच्या नावात तारीख, ठिकाण, वक्ता एवढे असावे. ‘न्यू फाइनल २’ असे नाव दोन वर्षांनी कुणालाच काही सांगत नाही. मूळ व्हिडिओ, यंत्राचा खर्डा, दुरुस्त मजकूर आणि एसआरटी एकाच फोल्डरमध्ये. एक प्रत पेनड्राइव्हवर विहारात, एक दुसऱ्या गावातल्या माणसाकडे, एक ऑनलाइन. आणि चॅनेलचा पासवर्ड किमान दोघांकडे. दुरुस्त मजकुराची छापील प्रत काढून विहाराच्या ग्रंथालयात ठेवा, बाइंडिंगला फार खर्च येत नाही.

नामांतराच्या त्या मुलाखतीतली दोन गावे आम्ही अजून शोधत आहोत. त्या काळात त्यांच्यासोबत असलेले दोघे जण हयात आहेत असे नुकतेच कळले. ती पाने छापून, अडलेल्या जागा लाल शाईने रंगवून, या महिन्यात आम्ही त्यांच्याकडे जाणार आहोत. या वेळी फोनसोबत वहीही असेल.